फोनवाटपाचा दिवस

वर्षाली दवाखान्यातून घरी आल्यापासून तिनं कोणालाच बोल लावला नव्हता, आणि रुख्मिणीला तेच जड जात होतं. धाकट्या सुनेनं आदळआपट केली असती, शिव्याशाप दिले असते, तर सासूला काही उत्तर तरी देता आलं असतं. पण ती मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चहा दिला तर प्यायची, ताट ठेवलं तर चार घास खायची. बाळ गेलं होतं तरी दूध आलं होतं. ते जिरावं म्हणून रुख्मिणी रोज सकाळी तिच्या छातीला जुन्या धोतराचा पट्टा आवळून बांधायची.

"लय घट्ट झालं का वं?"

"नाही."

एवढंच बोलणं व्हायचं.

त्या दिवशी पट्टा बांधून रुख्मिणी बाहेर आली तेव्हा अंगणात हार गुंफणं चाललं होतं. शेवंती, झेंडू, मधे एखादा गुलाब. फुलं घरचीच. अंजनगाव सुर्जीत होल्यांच्या फुलांना नाव होतं. सासरे नत्थुजी डोक्यावर टोपली घेऊन फुलं विकत, तिथून हा धंदा वाढला तो आता अमरावती आणि अकोल्याच्या बाजारापर्यंत. घराला लागून असलेलं समाजभवनही नत्थुजींनीच दिलेल्या जागेवर उभं होतं. आज त्या भवनाच्या दारावर आंब्याची पानं लावली होती आणि फळा टांगला होता: महिलांना स्मार्टफोन वाटप. खाली अध्यक्ष म्हणून खुशालरावांचं, म्हणजे रुख्मिणीच्या नवऱ्याचं नाव.

थोरली सून गीतांजली पायरीवर बसली होती. हाराला तिनं हात लावला नव्हता. खरं पाहता हे फोन तिनंच जमवले होते. अमरावतीत आणि अकोल्यात ती दारोदार हिंडली, ओळखीच्यांकडे गेली, बिनओळखीच्यांकडेही गेली. चालू स्थितीतला जुना फोन पडून असेल तर द्या, ज्या बाईच्या हाती फोनच नाही तिला देऊ, असं सांगायची. लोकांनी दिले. एका दुकानदारानं फुकट दुरुस्त करून दिले. दर रविवारी भवनात बाया जमवून ती आपल्या एकट्या फोनवर शिकवायची. फोन कसा लावायचा, बँकेचा मेसेज कसा वाचायचा, दवाखान्याची गाडी हवी तर एकशे आठ कसं दाबायचं. पण बाकीचे फोन दिवाळीपासून खुशालरावांच्या लोखंडी कपाटात बंद होते, कारण कार्यक्रमाच्या प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

आज मिळाली होती.

"मामाजी," गीतांजली म्हणाली, "आजचा कार्यक्रम नका करू. घरात पोरगी अशी पडेल हाये."

खुशालराव आरशात टोपी नीट करत होते. "पाहुने निंघाले अमरावतीहून. आता काय रस्त्यातून वापस पाठवू? अन् दुःख आपल्या घरचं हाये. समाजाचं काम त्यासाठी अडवायचं नसते."

"मंग मैनाचं नाव तरी घ्या यादीत."

"पुन्हा तेच. यादी समाजातल्या बायांची हाये. मैना समाजातली नाही."

"लोकांनी देताना जात नव्हती इचारली."

"लोक देऊन मोकये होतात," खुशालराव शांतपणे म्हणाले. "मले इथं राहा लागते."

गजेंद्र, गीतांजलीचा नवरा, पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत होता. त्यानं मान वर केली नाही. धाकटा शुभम, वर्षालीचा नवरा, भिंतीला टेकून बसला होता. रुख्मिणी हारांकडे वळली. मैना नाल्यापलीकडच्या वस्तीतली. वर्षानुवर्षं मळ्यात फुलं तोडायला येणारी. वर्षालीला दवाखान्यात न्यायला रस्त्यावर धावत जाऊन अनोळखी गाडी अडवली ती तिनंच.

चंद्रभान आले ते ऊन चढल्यावर. वर्षालीचे वडील, बार्शीटाकळीला भाजीपाला करणारे. एसटीनं अकोला, तिथून दुसरी गाडी पकडून आले होते. रुख्मिणीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पानी नको, इनबाई."

सगळ्यांनी ते ऐकलं. लेकीच्या सासरी व्याह्यानं पाणी नाकारलं म्हणजे काय, ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तांब्या तसाच हातात घेऊन रुख्मिणी दाराला टेकून उभी राहिली.

"पोरीले नेऊन राहिलो मी," चंद्रभान म्हणाले. "पन त्याच्या आधी मले आयकायचं हाये. दवाखान्यात मले कोनी धड सांगतलं नाही. त्या दिवशी झालं काय?"

खुशालराव त्यांच्या शेजारी येऊन बसले. "इवाई, नशिबापुढं कोनाचं चालत नाही. आमी सारे अचलपूरले लग्नाले गेलो होतो. शुभम फुलं घेऊन अकोल्याले. तिले म्हनलं होतं, घरातच आराम कर. पोरगी गेली मळ्यात. तिथं तिले रक्त जाऊ लागलं. कोनाले सांगतलं असतं तं आमी उडत आलो असतो."

"सांगतलं नाही तिनं?"

"नाही ना. तिनं फोनच नाही केला कोनाले."

रुख्मिणीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत होता आणि त्याचा आवाज जराही हलला नव्हता. कदाचित इतक्या जणांना सांगून सांगून त्याला आता तेच खरं वाटत असेल. लग्नाच्या सिझनची मोठी ऑर्डर होती, मळ्यात तोडणाऱ्या बायांवर लक्ष ठेवायला घरचं कोणी पाहिजे होतं, आणि वर्षालीला तिथं बसवून सगळे गेले होते. दुपारी फुलं भरली, बाया पांगल्या. मळ्यातल्या खोलीत ती एकटी उरली. दुखायला लागलं तेव्हा ती पोट धरून बांधावरून रस्त्याकडे चालत निघाली आणि निम्म्या वाटेत पडली. मैना विळा विसरली म्हणून परत आली, तिला ती दिसली. मैनाजवळही फोन नव्हता.

"करन कशावरून?" गीतांजली आतून बाहेर आली. "मामाजी, तिच्याजोळ फोन होताच कुठी?"

"गीतांजली, आत जा," गजेंद्र म्हणाला.

"नाही जात."

"मोठ्या मानसाच्या बोलन्यात..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. फोन वाजला. भिंतीला टेकून बसलेल्या शुभमच्या खिशात वाजत होता. त्यानं गडबडीनं बाहेर काढून बंद केला, पण निळ्या मोरपिसाचं चित्र असलेलं कव्हर चंद्रभाननी पाहिलं होतं. ते उठून जावयाजवळ गेले.

"जावाईबापू, दाखवा बरं तो."

शुभमनं दिला.

"हा मी घेऊन देल्ला होता," चंद्रभान म्हणाले. "लग्नात. तिच्या मायनं कव्हर निवडलं होतं. तुमच्या खिशात काहून हाये?"

"धंद्यासाठी, मामा. गिऱ्हाईक स्कॅन करून पैसे टाकते, त्याले येगळा नंबर लागते. म्हनून घेतला होता. नवीन घेनारच होतो तिले."

"कवा?"

चंद्रभाननी फोन शुभमच्या हातात परत ठेवला. फोन फेकला असता तर बरं झालं असतं, असं रुख्मिणीला वाटलं.

"आन तुमच्या कपाटात तं फोन भरून हायेत म्हने," ते खुशालरावांकडे वळले. "भायेर फळा वाचला मी."

"त्याचंच तं सांगतो," खुशालराव म्हणाले. "घरच्या सुनेले पयला फोन देल्ला असता तं लोकांनी माह्या तोंडात शेन घातलं असतं. अध्यक्षानं घरातल्या घरात वाटून घेतले म्हनले असते. चाळीस वर्स मी समाजात ताठ मानेनं वावरलो, इवाई. एक पैसा कोनाचा खाल्ला नाही."

"म्हंजे मागला होता तिनं."

खुशालराव अडखळले. मग म्हणाले, "तसं नाही. मागला नाही. कोनी काही मागलं नाही."

"मी मागला होता तिच्यासाठी," गीतांजली म्हणाली. "सातवा लागला तवा. इथंच उभी राहून मागला."

"खोटं बोलते ही." खुशालरावांनी बायकोकडे पाहिलं. "तू सांग यायले. तू होती ना इथं? सांग, असं काई झालं नोतं म्हनून."

सगळ्या नजरा रुख्मिणीवर वळल्या. गजेंद्रच्या डोळ्यांत विनवणी होती. मोडू नकोस घर, असं त्याचे डोळे म्हणत होते. शुभम जमिनीकडे बघत होता. संसारात तिनं नवऱ्याला चारचौघांत कधी तोंडावर पाडलं नव्हतं. नत्थुजी गेले तेव्हा भाऊबंदकीचा वाद झाला, तेव्हाही ती खुशालरावांच्याच मागं उभी राहिली होती. त्या वेळी ते बरोबर होते की चूक, हा विचारही तिच्या मनात आला नव्हता.

"झालं होतं," ती म्हणाली. "गीतांजलीनं मागला होता. आमी दोघायनंही नाही म्हनलं. अन् मळ्यात ती आपल्या मनानं नाही गेली. आमीच बसवून गेलो."

खुशालराव बायकोकडे असं पाहत राहिले, जसं एखादं माणूस चुकीच्या घरात शिरल्यावर पाहतं. मग त्यांनी टोपी सरळ केली, चपला घातल्या आणि भवनाकडे निघून गेले.

चंद्रभान तिथंच बसून राहिले. "खरं सांगतलं, लय झालं," एवढंच ते म्हणाले. पाणी मात्र त्यांनी तरीही मागितलं नाही.

मधल्या दारात वर्षाली उभी होती. कधी येऊन उभी राहिली कोणालाच कळलं नाही. पिशवी तिनं स्वतःच भरली होती.

"बाबा, चला," ती म्हणाली.

स्टँडवर पोचवायला रुख्मिणी निघाली तेव्हा गजेंद्र आडवा आला. "आई, दीपप्रज्वलनाले तुह्यं नाव हाये. पाहुने पोचतच हायेत. लोक इचारतीन."

"सांग, सुनेले पोचवाले गेली म्हनून."

"बाबा..."

"तुह्या बाबाले माईत हाये मी कुठी जाऊन राहिली ते."

भवनावरून जातानाच भोंगा सुरू झाला. माइक तपासायला कोणीतरी हॅलो हॅलो म्हणत होतं. रस्त्यातल्या बाया नव्या साड्या नेसून भवनाकडे चालल्या होत्या. वर्षालीला पाहून त्या कडेला झाल्या, काहींनी नजर वळवली. त्यातल्या एकीनं रुख्मिणीला विचारलं, "अक्का, तुमी येत नाही का?" रुख्मिणीनं मान हलवली आणि सुनेचा दंड धरून चालत राहिली. वर्षालीनं दंड सोडवून घेतला नाही, पण आपला भारही तिच्यावर टाकला नाही.

गाडी लागलीच होती. शुभम मागून धावत आला. त्याला धाप लागली होती.

"वर्षा, हा घे. तुहा फोन. घेऊन जाय."

वर्षालीनं फोनकडे पाहिलं. हात पुढं केला नाही.

"ठेवा तुमी," ती म्हणाली. "आता त्याच्यावर तुमचे गिऱ्हाईकच बोलतात. माह्यं कोनी बोलत नाही."

"मी येतो घ्यायले. पंधरा दिवसानं."

ती पायरी चढून आत गेली. चंद्रभाननी रुख्मिणीला हात जोडले, जावयाकडे पाहिलं नाही. गाडी अकोल्याच्या दिशेनं वळली. शुभम मोकळ्या जागेत उभा राहिला. आईनं जवळ घ्यावं असं त्याला वाटत होतं, हे रुख्मिणीला दिसत होतं. पोटचा होता, जीव तुटत होता. पण तिचा हात वर आला नाही. "घरी जाय," ती म्हणाली आणि एकटीच भवनाकडे वळली.

भवन भरलं होतं. टेबलावर फोनची खोकी रचून ठेवली होती, प्रत्येकावर लाल फीत. पाहुण्यांचं भाषण संपत आलं होतं. महिला शिकली की घर शिकतं, हातात तंत्रज्ञान आलं की ती कोणावर अवलंबून राहत नाही, असं ते सांगत होते आणि बाया टाळ्या वाजवत होत्या. गीतांजली कुठंच नव्हती. दाराबाहेर, चपलांच्या गराड्यात, मैना उभी होती. उरलेले हार घेऊन आली होती आणि आता बघत थांबली होती.

रुख्मिणी सरळ मंचावर गेली. तिथं ती ह्याआधी फक्त हळदीकुंकवाला चढली होती. लोकांना वाटलं, उशिरा का होईना, दिवा लावायला आली. तिनं टेबलावरचं वरचं खोकं उचललं, खाली उतरली, बायांच्या मधून वाट काढत दाराशी गेली आणि ते मैनाच्या हातात ठेवलं.

"घे. हा तुहा."

"ते ठेव तिथंच!" खुशालरावांच्या हातात माइक होता, हे ते विसरले होते. त्यांचा आवाज भोंग्यातून गावभर गेला. "तिचं नाव नाही यादीत!"

पाहुणे घड्याळात बघू लागले. पुढच्या रांगेतली एखादी बाई तरी उठेल, असं रुख्मिणीला क्षणभर वाटलं. त्यातल्या कितीतरी जणी रविवारी गीतांजलीकडे शिकायला यायच्या, मैनाच्या मांडीला मांडी लावून बसायच्या. एकीनं पदर नीट केला. दुसरी शेजारणीच्या कानात काही बोलली. उठलं कोणीच नाही.

मैनानं खोकं रुख्मिणीच्या हातात परत दिलं. फीतही सुटू दिली नाही.

"राहू द्या, अक्का," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मले उद्या तुमच्याच मळ्यात यायचं हाये."

ती गेली. माइकवर गजेंद्रनं घाईघाईनं पहिलं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, फोटो निघू लागले. रुख्मिणी खोकं घेऊन घरी आली. ते परत टेबलावर ठेवायला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही ठेवलं नाही.

संध्याकाळी ते फोटो खुशालरावांच्या आणि पोरांच्या फोनवर येऊन पडले. खुशालराव ओसरीत बसून एकेक बघत होते. बायकोनं जेवायला वाढलं तर ताट सरकवलं. गजेंद्र स्वयंपाकघरात आला, भिंतीला बोलावं तसं म्हणाला, "मैनाले उद्यापासून येऊ नको म्हनून निरोप देल्ला बाबानं."

गीतांजलीच्या हातातली पळी थांबली. "तिनं तं फोन घेतलाही नव्हता."

"मले नको सांगू. मी निरोप्या."

"तुमी कायम निरोप्याच," गीतांजली म्हणाली. पूर्वी असं बोलल्यावर ती घाबरून सासूकडे बघायची. आज बघितलं नाही.

रुख्मिणीनं गॅस बंद केला. "मळ्यात उद्या मी जाईन," ती म्हणाली, "मैनाले घेऊन. त्यायले हाकलायचं असंन तं दोघीयले हाकला म्हना." खुशालराव ते चालवून घेतील, याची तिला खात्री नव्हती. उद्या सकाळी मैना यायला तयार होईल, याचीही नव्हती. गजेंद्र निघून गेला.

मग तिनं ते खोकं मोठ्या सुनेपुढं ठेवलं. "मले शिकव."

गीतांजलीनं आपल्याजवळचं जुनं सिम त्यात टाकलं. हिरवं बटन कुठलं, लाल कुठलं, आकडे कसे दाबायचे, ते दाखवलं. रुख्मिणीच्या बोटांना वर्षानुवर्षं फुलं तोडून घट्टे पडले होते. काच तिचा स्पर्शच ओळखत नव्हती. तिनं पदरानं बोट पुसलं, पुन्हा दाबलं. चंद्रभानचा नंबर गीतांजलीनं एकेक आकडा सांगितला. मग ती उठून बाहेर गेली, सासूला एकटं सोडून.

फोन चंद्रभाननीच उचलला. त्यांनी आवाज ओळखला. "ती कोनाशी बोलत नाही, इनबाई," ते म्हणाले. "इचारून पायतो."

मागं कुठंतरी दार वाजलं. मग कोणाचातरी श्वास ऐकू आला.

"वर्षाली?"

तिनं फोन कानापासून काढून पाहिला, तो कटला नव्हता. काचेवर सेकंदांचा आकडा पुढं पुढं सरकत होता. माफी मागावी तर ती इतक्या लांबून कशी मागायची? घरी ये म्हणावं तर कोणत्या तोंडानं?

"पोचली ना नीट?"

"आत्याबाई," वर्षाली म्हणाली. "तुमी पायलं होतं का तिले?"

दवाखान्यात वर्षाली शुद्धीवर येईपर्यंत पुरुषांनी लेकीला पुरून सगळं उरकून घेतलं होतं. आईला दाखवायचं नसतं, असं म्हणाले होते. त्या आधी नर्सनं कापडात गुंडाळलेलं ते ओझं रुख्मिणीच्या हातात दिलं होतं. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

"पायलं होतं," ती म्हणाली. "माह्याच हातात देल्लं होतं."

"कशी होती?"

"केस लय होते. काये, दाट. कपाय तुह्यं होतं, रुंद. हनवटीले खड्डा."

पलीकडे वर्षाली रडत नव्हती. नुसती ऐकत होती. ओसरीत खुशालराव खाकरले. रुख्मिणीनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भिंतीशी खाली बसली.

"बोटं लांब होती," ती म्हणाली. "एका हाताची मूठ मिटेल होती, दुसरी उघडी."

"अजून सांगा," वर्षाली म्हणाली.